इंदिराबाईंच्या घरचा नट

वेणीमाधवभटांना राग आला आहे हे पंचवटीत कुणाला सांगावं लागत नसे. ते ऐकू येई. रामकुंडावर त्यांनी संकल्प सांगायला सुरुवात केली की पलीकडच्या काठावरचा परका यजमानही चुकून आचमन करी, असा त्यांचा आवाज. तोच आवाज जेवणाच्या वेळी घरी वापरात येई. त्यांच्या आमटीत मीठ कमी पडलं की गल्लीतल्या सगळ्या बायका आपापली आमटी चाखून बघत.

त्यांच्या पत्नी इंदिराबाई. त्यांच्याविषयी गल्लीचं मत दोन शब्दांचं होतं: "फार सोशिक." एवढं बोलून गल्ली आपल्या कामाला लागे. एखादीला सोशिक म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. पिंपळगाव बसवंतहून लग्न होऊन त्या नाशकात आल्या तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. पुढे पाच बाळंतपणं झाली, त्यातून एकटी गोदावरी उरली. तिला घरात गोदू म्हणत. गोदू मराठी चौथीत पहिली आली, त्याच दिवशी वेणीमाधवभटांनी तिची शाळा बंद केली. "पोरी जास्त शिकल्या की उलट उत्तरं देतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात सुलट उत्तर द्यायचीही कुणाची छाती नव्हती, पण सावध असलेलं बरं.

बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत. गोविंदराव नावाचे एक डायरेक्टर आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले. मुक्या चित्रपटांच्या काळात त्यांनी पुष्कळ देव आकाशातून उडवले होते. आता देव बोलायला लागल्यापासून लोकांना कंटाळा आला होता, म्हणून गोविंदरावांनी सामाजिक चित्रपट काढायचं ठरवलं होतं. नाव होतं 'विझलेली चूल'. एक तापट गृहस्थ. त्याच्यापुढे बायकोची वाचा बसते, मुलगी म्हाताऱ्या बिजवराला दिली जाते, ती विहीर जवळ करते, आणि शेवटी गृहस्थ थंड चुलीपुढे एकटा बसतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी हसत नाही. गाणी तीन, तिन्ही रडकी. सगळं जमलं होतं, फक्त गृहस्थ सापडत नव्हता. पुण्याहून आणलेला नट दिसायला राजबिंडा, पण रागावला की भूक लागल्यासारखा दिसे.

त्या दिवशी इंदिराबाई घाटावर दर्भ घेऊन आल्या, त्या थोड्या उशिरा. वेणीमाधवभटांनी मंत्र मध्येच थांबवला आणि पत्नीकडे वळून जे काही बोलायचं ते बोलले. देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली. एका यात्रेकरूचं पोर रडायला लागलं. इंदिराबाई दर्भ खाली ठेवून, मान न उचलता, आल्या तशा परत फिरल्या. हातात आईच्या अस्थी धरून उभे असलेले गोविंदराव आपलं दुःख साफ विसरून गेले.

"गुरुजी," विधी उरकल्यावर ते म्हणाले, "आपण कधी नाटकात काम केलंय?"

"आमच्या सात पिढ्यांत कुणी तोंडाला रंग लावला नाही," वेणीमाधवभट म्हणाले. "असला विचार करणंही पाप आहे." मग दर्भाची अंगठी काढत त्यांनी विचारलं, "नाव कुठे छापता? वर की खाली?"

नाव वर छापायचं ठरलं. पापाचं काय, तर शास्त्र बघायचं काम त्यांच्याकडेच असल्याने त्यांनी ते झटपट बघितलं. रोज काम संपल्यावर गंगेत, म्हणजे गोदावरीत, एक बुडी मारली की दोष नाही, असा आधार निघाला.

त्र्यंबकच्या रस्त्यावर गावाबाहेर पत्र्याची एक मोठी शेड होती, तोच स्टुडिओ. आवाज टिपायचं यंत्र आल्यापासून कावळे हाकलायला तिथे दोन माणसं ठेवावी लागत. पहिल्या दिवशी वेणीमाधवभटांना पाटावर बसवून गोविंदराव म्हणाले, "आमटी अळणी आहे असं समजा."

"समजा म्हणजे?" वेणीमाधवभटांनी वाटी चाखली. "मीठ आहे की यात."

समजून घेणं हा त्यांचा प्रांत नव्हे, हे गोविंदरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी खरोखरची अळणी आमटी करून आणवली. वेणीमाधवभटांनी एक घोट घेतला, आणि पुढचं सगळं विनासायास झालं. ताट दिव्याच्या खांबावर आदळलं, यंत्रापाशी बसलेल्या माणसाने कानावरचे भोंगे ओढून काढले, आणि बायकोचं काम करणारी नटी आपलं वाक्य विसरून भिंतीला टेकली.

"पुरे," गोविंदराव हलकेच म्हणाले. "हे परत घ्यायला नको."

संध्याकाळी गंगेत बुडी मारून वेणीमाधवभट घरी आले. "अभिनय म्हणजे काय असतो ते आज बघितलं लोकांनी," त्यांनी इंदिराबाईंना सांगितलं. इंदिराबाईंनी पान वाढलं. वरणात मीठ बरोबर होतं, तरीपण भटांनी भाताला नाव ठेवलं. सवय मोडू नये म्हणून असेल.

काही दिवसांनी, भट घाटावर गेलेले असताना, दारात टांगा थांबला. उतरलेली बाई म्हणजे बायकोचं काम करणारी ती नटी, जाहिरातीत 'मिस ललिता' म्हणून ओळखली जाई. ती ओटीवर आली, बसली, आणि इंदिराबाई चहा ठेवायला उठल्या तशी म्हणाली, "बाई, आधी सांगून टाकते. माझं खरं नाव सलिमा. आम्ही मालेगावचे विणकर. आता वाटलं तर चहा द्या, नाही तर पाणीही नको."

इंदिराबाई क्षणभर उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग त्यांनी चहा केला. नंतर तो कप त्यांनी राखेने दोनदा घासला, आणि तिसऱ्यांदा राख उचलताना स्वतःचीच लाज वाटून तसाच ठेवून दिला.

सलिमाची अडचण निराळी होती. "ताटानंतरचं माझं काम अजून घ्यायचंय. गोविंदराव म्हणतात, मी फार छान रडते. ताट पडायच्या आधीच डोळे भरून येतात. खऱ्या बाईचं असं होत नाही म्हणतात. म्हणून विचारायला आले." तिने आवाज खाली आणला. "ताट भिरकावलं की तुम्ही काय करता?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आई-वडिलांनीही नाही. "भात गोळा करते," इंदिराबाई म्हणाल्या.

"रडत नाही?"

"रडलं तर शितं दिसत नाहीत. मग पाय पडतो अन्नावर."

"मग रडता कधी?"

इंदिराबाईंनी आठवून बघितलं. "चूल फुंकताना. धुराचं कारण कुणी विचारत नाही."

सलिमा म्हणाली, "माझी अम्मी मागावर बसली की रडायची. खटखट आवाजात ऐकू जात नसे." थोड्या वेळाने तिने विचारलं, शितं कशी गोळा करता, एका हाताने की दोन्ही. इंदिराबाईंनी ओटीवरच करून दाखवलं: डाव्या हाताने पदर आवरून, उजव्या हाताची बोटं जमिनीच्या भेगेतून फिरवत, आणि नजर कुठेही वर न जाऊ देता. सलिमाने दोनदा तसं केलं. दुसऱ्यांदा इंदिराबाईंना ते बघवेना, त्या कप उचलून आत गेल्या.

चित्रपट मेन रोडवरच्या थिएटरात लागला. पहिल्याच खेळाला गोविंदरावांनी इंदिराबाईंना आणि गोदूला बायकांच्या गॅलरीत बसवलं. खाली पहिल्या रांगेत वेणीमाधवभट रेशमी उपरणं घालून बसले होते. पडद्यावर ते आले तेव्हा टाळ्या पडल्या. आमटीचा प्रसंग आला, ताट उडालं, आणि सगळं थिएटर दचकलं. फक्त गॅलरीतल्या दोघी दचकल्या नाहीत. त्यांना ताट कुठे पडणार ते माहीत होतं. मग सलिमा खाली बसली आणि डाव्या हाताने पदर आवरून शितं वेचू लागली. डोळ्यांत टिपूस नाही. थिएटरात मुसमुसणं सुरू झालं, वाढत गेलं, आणि एक बाई मोठ्याने हुंदके द्यायला लागली. ती इंदिराबाईंच्या शेजारीच बसली होती. कलेक्टर कचेरीतल्या शिरस्तेदारांची बायको, गल्लीच्या टोकाला राहणारी.

"कसं हो सोसते ही," ती डोळे टिपत इंदिराबाईंना म्हणाली. "दगडालाही पाझर फुटेल."

इंदिराबाई कोरड्या डोळ्यांनी बसून राहिल्या. म्हणजे या लोकांना रडता येत होतं. एवढं पाणी यांच्याजवळ होतं, आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसून यांनी ते जपून ठेवलं होतं, तिकिटाची खिडकी उघडेपर्यंत. त्यांना राग आला. राग हा नवऱ्याचा विषय असल्याने तो आपल्यालाही येतो हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

वर्तमानपत्रांनी वेणीमाधवभटांना डोक्यावर घेतलं. असा दाहक अभिनय मराठी पडद्यावर झाला नाही, भूमिकेशी असं तादात्म्य विरळा, या साध्या माणसाने हे क्रौर्य कुठून उसनं आणलं असेल, असं एकाने लिहिलं. उसनं. एका वाचनालयात सत्कार झाला. शाल-श्रीफळ घेऊन वेणीमाधवभट स्त्रियांच्या दुःखावर तासभर बोलले. गृहिणी ही घराची देवता आहे, तिच्या अश्रूंना शास्त्रात फार मोठं स्थान आहे, असं सांगताना त्यांचा कंठ दाटला. श्रोत्यांचाही दाटला. मग ते घरी आले आणि पाय धुवायला पाणी तयार नाही म्हणून देवतेला त्यांनी जे ऐकवलं ते श्रोत्यांनी ऐकलं नाही.

पण गल्लीने ऐकलं, आणि इथे एक नवीच भानगड उपटली.

पूर्वी आवाज चढला की लोक खिडक्या लावून घेत. आता खिडक्या उघडायला लागल्या. एके दुपारी ताक आंबट लागलं म्हणून वेणीमाधवभट पाटावरून उठले, वाटी उचलली आणि सुरू झाले. बघतात तो दारात गर्दी. पुढे समोरच्या गोठ्यातल्या भागीबाई, कडेवर नातू घेऊन. मागे दोन विद्यार्थी, एक शिंपी, आणि कुठले कोण यात्रेकरू.

वेणीमाधवभट थांबले. "काय आहे?"

"काय नाय, चालू द्या भटजी," भागीबाई म्हणाल्या. "आमी शिनेमाला लय मागं बसलो व्हतो. नीट दिसलं नाय."

"वन्समोर," मागून एक विद्यार्थी म्हणाला. शिंप्याने टाळी वाजवली.

वेणीमाधवभटांच्या हातात वाटी तशीच होती. फेकावी तर टाळ्या पडणार, न फेकावी तर लोकांची निराशा. त्यांनी थोडा विचार केला, वाटी खाली ठेवली आणि लोकांना वाकून नमस्कार केला. मग ते पाटावर बसले आणि ते आंबट ताक प्यायले. इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होत्या. एवढी वर्षं आपण ज्याला घाबरलो त्याला प्रेक्षक लागतात आणि प्रेक्षक आले की तो नमस्कार करतो, हे त्यांनी नीट बघून ठेवलं.

याच सुमारास गोदूचं लग्न ठरत आलं. मुलीचं वय चौदा पूर्ण होईपर्यंत वेणीमाधवभट थांबले होते. नवा कायदा त्यांना मान्य नव्हता, पण पोलीस मान्य होते. मुलगा मनमाडचा. मुलगा म्हणायची रीत आहे म्हणून म्हणायचं. चिमाजीपंत जंक्शनवर पार्सल ऑफिसात होते, दोनदा विधुर झालेले, मिशांना कलप लावत. घर चांगलं, नोकरी पक्की. स्त्रियांच्या दुःखावर दुसऱ्या गावी भाषण द्यायला निघण्यापूर्वी वेणीमाधवभटांनी हा निर्णय घरात सांगून टाकला.

गोदू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी इंदिराबाई भाषणाहून परतलेल्या नवऱ्याला पंखा घालत म्हणाल्या, "मी म्हणते, लग्नाआधी व्याही मंडळींनी तुमचं काम बघायला नको का? सगळ्या महाराष्ट्राने बघितलं आणि जावयानेच नाही बघितलं, हे बरं दिसत नाही."

वेणीमाधवभटांना बायकोच्या बुद्धीचं प्रथमच कौतुक वाटलं. त्यांनी लगेच मनमाडला निरोप धाडला.

चिमाजीपंत आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. वेणीमाधवभटांनी त्यांना पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. थिएटर भरलेलं होतं, कारण खुद्द नट आलेले होते. मुलगी दाखवण्याचा प्रसंग आला. पडद्यावरचा बिजवर कलप लावलेल्या मिशांवर हात फिरवत दाराशी आला, आणि स्वस्त तिकिटांच्या पिटात नेहमीप्रमाणे शिट्ट्या सुरू झाल्या. "ए आजोबा, तिरडी कुठाय?" कुणीतरी ओरडलं. चिमाजीपंतांचा हात स्वतःच्या मिशीवर होता, तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला.

"पुढे बघा," वेणीमाधवभट अभिमानाने म्हणाले. "आता मुलगी विहिरीत जाते. इथे माझं काम फार उठलंय."

मुलगी विहिरीत गेली. बायकांच्या गॅलरीतून बिजवराला असे काही तळतळाट मिळाले की चिमाजीपंतांच्या बहिणीने पदर तोंडावर घेतला. दिवे लागले तेव्हा आजूबाजूचे लोक वेणीमाधवभटांना बघायला उठले. त्यांच्याकडे बघून झाल्यावर नजर शेजारच्या खुर्चीवर गेली, आणि तिथेच राहिली. "हुबेहूब तोच की रे," पिटातला कुणी म्हणाला. चिमाजीपंत उठून घाईघाईने बाहेर पडले. टोपी खुर्चीतच राहिली.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला: पत्रिका पुन्हा बघितली, योग दिसत नाही. पुढे असंही कळलं की 'विझलेली चूल' मनमाडलाही लागला, आणि पार्सल ऑफिसचे हमाल साहेबांना पाठीमागे 'नवरदेव' म्हणतात.

"मत्सर," वेणीमाधवभट म्हणाले. "कलावंताचं यश लोकांना बघवत नाही."

विहिरीवर पाणी शेंदताना गोदूने आईला विचारलं, "तू मुद्दाम केलंस?"

"मी काय केलं? सिनेमा दाखवला," इंदिराबाई म्हणाल्या. त्या दिवशी घरात पुरण झालं. सण कुठला, हे वेणीमाधवभटांनी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात नवीन चित्रपट होता.

गोविंदरावांनी आता एक प्रेमळ बाप लिहिला होता. गरीब, सालस, पोरीवर जीव टाकणारा. वेणीमाधवभटांना त्यातही घेतलं, कारण त्यांच्या नावावर थिएटरं भरत होती. एक साधा प्रसंग होता. मुलगी बाहेरून दमून येते, बाप तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "बाळ, दमलीस का?" एवढंच. पहिल्यांदा त्यांनी ते असं विचारलं की मुलीचं काम करणारी पोर "नाही" म्हणून पळाली. दुसऱ्यांदा ते संकल्पासारखं आलं. तिसऱ्यांदा आवाज बरा होता, पण हात डोक्यावर ठेवला की झिंज्या धरल्या, हे कळेना. दिवस संपला, फिल्म संपली, कावळे हाकलणारी माणसं घरी गेली.

"घरी सराव करा," गोविंदराव म्हणाले. "तुम्हाला मुलगी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणीमाधवभटांनी गोदूला ओटीवर बोलावलं. इंदिराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "इथे उभी राहा," ते म्हणाले. गोदू उभी राहिली. त्यांनी घसा साफ केला, तोंडाशी वाक्य जुळवलं, आणि हात वर उचलला.

गोदूने डोळे मिटून मान खांद्यात घेतली आणि एक कोपर तोंडापुढे धरलं.

वेणीमाधवभटांचा हात हवेत राहिला. त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा थोडा उचलला, सावकाश, पोरीला दिसेल असा. गोदू आणखी आकसली. तिला काही कळलं नव्हतं, अंगालाच सवय होती. त्यांनी इंदिराबाईंकडे बघितलं. काही मदत मिळते का, अशी ती नजर होती. इंदिराबाईंनी सुपातला एक खडा काढला आणि बाजूला टाकला.

"जा तू," ते गोदूला म्हणाले. वाक्य बोलायचं राहूनच गेलं. मग ते खांद्यावर पंचा टाकून घाटावर गेले, आणि त्या दिवशी त्यांचा संकल्प पलीकडच्या काठावर ऐकू गेला नाही.

स्टुडिओत आणखी दोन दिवस खटपट झाली. शेवटी पुण्याचा तो राजबिंडा नट परत आणला. प्रेमळ दिसायला त्याला भुकेलेला चेहरा उपयोगी पडला. गोविंदरावांनी कुणाजवळ तरी म्हटलं, "गुरुजी माणूस चांगला, पण त्यांना अभिनय येत नाही." हे वाक्य दुपारपर्यंत पंचवटीत पोचलं. ज्या वर्तमानपत्राला दाहक अभिनय दिसला होता त्याने या बाबतीत मौन पाळलं. वेणीमाधवभट यजमानांना सांगत, "या धंद्यात राम नाही, मीच सोडला." इंदिराबाईंनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. एवढं एक सोशिकपण त्यांनी स्वखुशीने केलं.

जूनमध्ये त्यांनी गोदूला शाळेत परत घातलं. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. ते "हो" म्हणाले नाहीत आणि "नाही"ही म्हणाले नाहीत, तेव्हा संमती आहे असं धरून चाललं. आवाज चढायचा अजूनही, पण मध्येच त्यांची नजर दाराकडे जाई आणि वाक्य अर्धंच राही. ताटं फुटायची थांबली. पितळेची असल्याने तशी ती फुटत नसतच, पण पोचे पडायचे थांबले. सलिमा एकदा येऊन गेली, तिला दुसऱ्या कंपनीत मोठं काम मिळालं होतं. चहाचा कप इंदिराबाईंनी या खेपेला एकदाच घासला.

गोदू मराठी सातवीची फायनल पास झाली, मास्तरणीचं ट्रेनिंग झालं, आणि एकोणीसशे एकोणचाळीसच्या पावसाळ्यात इगतपुरीच्या मुलींच्या शाळेत तिला मास्तरणीची नोकरी लागली. पोचवायला दोघं नाशिकरोड स्टेशनवर गेले. फलाटावर इंदिराबाईंनी तिला डबा दिला, भांडी जपून वापरायला सांगितलं, रोज केस विंचरायला सांगितलं. वेणीमाधवभट ट्रंकेजवळ उभे होते. गाडी आली, ट्रंक चढली, गोदू खिडकीशी बसली.

"इगतपुरीला पाऊस फार," ते अखेर म्हणाले. "छत्री घेतलीस का?"

"घेतली," गोदू म्हणाली.

"मोठी घेतलीस ना?"

"हो, बाबा."

गाडी सुटली. परत येताना ते टांगेवाल्या कादरच्या शेजारी बसले आणि इंदिराबाई मागे. बरंच अंतर गेल्यावर कादरने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "भटजी, तुम्हीच ना ते सिनेमातले? मी चारदा बघितला. एकदा ते आमटीचं म्हणून दाखवा की."

"घसा बसलाय," वेणीमाधवभट म्हणाले.

"थोडंच."

"अहो, घोडा बुजेल," मागून इंदिराबाई म्हणाल्या. "गाडी हाका तुम्ही. घरी दूध तापवायचं राहिलंय."